वाटेवरचा बहर आणि नगराचा जमाखर्च

फाल्गुनाच्या सुमारास मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर, विक्रोळीनजीक, टॅबेबुयाचे वृक्ष पर्णभार उतरवून नखशिखान्त गुलाबी होतात, तेव्हा एरवी घड्याळाकडे पाहून त्रासणारा बसमधील उतारूही क्षणभर खिडकीकडे वळतो. आणि ज्याच्या दर्शनासाठी ना तिकीट काढावे लागते ना वाट वाकडी करावी लागते, असे हे सौंदर्य महानगराची सर्वांत लोकाभिमुख संपत्ती होय, असे माझे नम्र मत आहे. उद्यानात जाण्यास सवड लागते. रस्त्यावरचे फूल चाकरीच्या वाटेवरच भेटते.

तथापि या संपत्तीची निगा राखण्यात आपण उदासीन आहोत. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या जतनाचा कायदा महाराष्ट्रात १९७५ सालचा आहे; परंतु झाड तोडण्यास जी परवानगी लागते, तिची आठवण बुंध्याभोवती सिमेंट ओतून मुळांचे पाणी तोडताना सहसा कोणास होत नाही. शिवाय टॅबेबुया अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतून आणि गुलमोहर मादागास्करहून आलेला. या पाहुण्यांचे स्वागत अवश्य असावे, पण उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी बहरणारे आपले राज्यपुष्प ताम्हण आणि पिवळ्या घोसांनी लवणारा बहावा यांना पदपथाकाठी स्थान देण्याची तजवीज प्रथम व्हावी. दुभाजकांवर मोसमी कुंड्यांची आरास मांडून ती वारंवार बदलण्यापेक्षा, हातभर माती मोकळी राखून पिढ्यान्‌पिढ्या फुलणारा वृक्ष लावणे हे खजिन्याच्या दृष्टीनेही किफायतीचे ठरेल.