चूक कुठे झाली, ते सांगा

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायला साताऱ्यातल्या एका केंद्रात गेलो. खडू धरून धरून माझे ठसे झिजलेले. पडद्यावर एवढंच उमटलं, 'त्रुटी आली'. कसली? ठसा जुळला नाही, की सर्व्हर बंद? तासभर बोट पुसत बसलो.

सांगलीची भाची वेब सेवा तपासायचं काम करते. म्हणाली, "मामा, आम्ही मुद्दाम चुकीची माहिती पाठवतो. ठरलेली त्रुटी परत आली, तर चाचणी पास!" ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद. यंत्राला हा फरक कळतो, मग तो म्हाताऱ्याच्या पडद्यापर्यंत का येऊ नये? चाचणीत तेही तपासायलाच हवं.

वहीवर नुसती लाल फुली मारून मी मुलांना कधी घरी धाडलं नाही. (धाडलं असेल, परीक्षेच्या गर्दीत.)