वेशीवरचा हा दरोडा थांबवा!

1866 साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवताना परक्या इंग्रजांनीसुद्धा आधी रस्ते आखले. आज राज्य आपले, कायदे आपले, नगररचना खाते आपले. आणि त्याच शहराच्या वेशीवर आधी घर उठते, मग रस्ता शोधावा लागतो, नालीचा तर पत्ताच नाही! पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी, नालवाडी, म्हसाळा ही कागदावर अजून गावेच आहेत. प्रत्यक्षात शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे तिथे राहणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

पऱ्हाटीचे वावर एका हंगामात ले-आउट होते. धुरा मोडतो, वखराच्या तासांवर चुन्याच्या रेघा पडतात, नाल्यात मुरूम ओतला जातो. दसऱ्याला प्लॉट खपतात. मृगात पाणी आपली जुनी वाट धरून येते आणि कर्ज काढून बांधलेल्या घराच्या चुलीपर्यंत शिरते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्याबरोबर भिंतीही तडकतात. शोषखड्ड्याला लागून पिण्याचे बोअर! विकणारा तोवर पुढच्या वावरात पोचलेला असतो. कापसात भागत नाही म्हणून वावर विकणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो हे उघड्या डोळ्यांनी पाहून गप्प बसणाऱ्या सत्तेचा!

तक्रार घेऊन गेले की पालिका म्हणते, हद्दीबाहेर. ग्रामपंचायत म्हणते, पैसा नाही. महसूल खाते म्हणते, हे आमचे काम नाही. अहो, फार तर 17 सदस्यांच्या ग्रामपंचायतीने शहराचा संसार पेलायचा तरी कसा?

कायदा नाही, ही सबब खोटी आहे. गावाचे शहर होत असलेल्या भागाला नगरपंचायत द्यावी, हे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने सांगितले. जमिनीचा वापर, पाणी, रस्ते यांचा गाव-शहरांसाठी एकत्रित आराखडा करण्याचे काम तिनेच जिल्हा नियोजन समितीवर सोपवले. निधीच्या वाटपासाठी ही समिती भरते. मग तो आराखडा कुठे आहे? वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत 800 हून अधिक किलोमीटरच्या महामार्गाची रेघ ओढायला सरकारला सवड आहे. पवनारच्या शेजारच्या वस्त्यांत नालीची रेघ ओढायला नाही!

आमची मागणी स्वच्छ आहे. या गावांना पालिकेत घ्या, नाही तर नगरपंचायत द्या. लोंबकळत ठेवू नका. प्रत्येक नाला मोजून त्याच्या हद्दीचे दगड रोवा आणि बुजवणाऱ्याच्या खर्चाने तो मोकळा करा. रस्ता आणि नाली जमिनीवर दिसल्याखेरीज एकाही प्लॉटची विक्री होऊ देऊ नका. मंजूर ले-आउटची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. हे सारे पुढच्या मृगाच्या आत झाले पाहिजे. नाही झाले, तर घरात शिरलेल्या पाण्याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचा अधिकार तुम्हाला उरणार नाही.