वडिलार्जित रिव्हॉल्व्हर आणि त्याचें काडतूस

गेल्या खंडेनवमीस आमच्या जांब समर्थ येथें एका आप्तांच्या घरीं शस्त्रपूजेस बसण्याचा योग आला. पाटावर विळी, कोयता व जुनी तलवार यांच्या शेजारीं कैलासवासी वडिलांचें रिव्हॉल्व्हर ठेविलें होतें. परवाना चिरंजीवांच्या नांवें रीतसर झालेला. पण घरांत काडतूस एकही नव्हतें. पूजा आटोपल्यावर पाहुणे आलेल्या एका गृहस्थांनीं आपल्या पिस्तुलाचीं काडतुसें पुढें केलीं. "दोन्हीं बत्तीसचींच कीं!" असें म्हणून चिरंजीवांनीं एक काडतूस चक्राच्या घरांत सोडलें. तें अलगद उतरलें. "काका, बसलें म्हणजे चालणारच," असें ते म्हणाले. आम्हीं त्यांचा हात धरिला. अंगणांत नातवंडें खेळत होतीं.

संस्कृत शिकणाऱ्या पोरासही ठाऊक असतें कीं, 'सैंधव' म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवावयास बसलेल्या यजमानानें सैंधव मागितलें असतां दारांत घोडा आणून उभा करणारा सेवक हास्यास्पद ठरतो. बत्तीस या शब्दाचेंही तसेंच आहे. मात्र येथील चूक हंसण्यावारी जात नाहीं.

आपल्याकडे ज्यांस सर्रास ०.३२ म्हणतात, तीं काडतुसें निदान तीन प्रकारचीं आहेत. स्मिथ अँड वेसन यांचें १८७८ सालचें आंखूड काडतूस, त्याचें पितळी कवच सुमारें १५ मिलिमीटर लांब. त्याच कंपनीचें १८९६ सालचें लांब काडतूस, कवच सुमारें २३ मिलिमीटर. आणि ब्राउनिंगनें १८९९ सालीं योजिलेलें पिस्तुलाचें काडतूस, कवच सुमारें १७ मिलिमीटर. कानपूरचें सरकारी रिव्हॉल्व्हर यांपैकीं दुसरें मागतें, पिस्तूल तिसरें. गोळीची जाडी तिहींची जवळ जवळ सारखी. म्हणूनच घोंटाळा होतो. परंतु अमेरिकन कारखानदारांच्या प्रमाणाप्रमाणें लांब काडतुसाचा दाब दर चौरस इंचास १५,००० पौंडांपर्यंत, तर पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५०० पौंडांपर्यंत जातो. चक्राच्या दोन घरांमधील भिंत पातळ असते. जुनें पोलाद हा जादा भार सोशीलच असें नाहीं. आणि चक्र फुटलें तर तें चालविणाऱ्याच्या हातांत व तोंडापुढें फुटतें. शिवाय पिस्तुलाच्या काडतुसाची कड अरुंद असल्यानें तें घरांत नीट टेकत नाहीं.

तेव्हां घरांत उतरणें ही योग्यतेची कसोटी नव्हे. नळीवर व चौकटीवर कोरलेलीं अक्षरें भिंगानें वाचावीं, काडतुसाच्या बुडावरील खुणेशीं ताडून पाहावीं. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांवर 'के. एफ.' ही खूण असते. पण ती जन्मगांवाची खूण झाली, प्रकार निराळा वाचावा लागतो. परवान्यावरील '०.३२ बोअर' एवढ्या शब्दांनीं भागत नाहीं. शस्त्र काळ्या दारूच्या काळांतील असेल, तर अधिकच जपावें. जुन्या, सर्द काडतुसाचा बार फुसका निघाला, तर दुसरा कदापि काढूं नये. पहिली गोळी नळींत अडकलेली असूं शकते.

कायद्याचेंही भान असावें. पाहुण्यांकडून काडतुसें उसनीं घेणें ही तांदूळ उसने आणण्यासारखी गोष्ट नव्हे. तीं स्वतःच्या परवान्यावर, परवानाधारक दुकानांतूनच घ्यावयाचीं असतात. परवानेदार निवर्तला असतां वारसानें शस्त्र कपाटांत ठेवून न देतां पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें व मग आपला अर्ज करावा; १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें एकविसावें कलम हेंच सांगतें.

असो. पुढें परवानाधारक कारागिरानें तें रिव्हॉल्व्हर मापून पाहिलें. तें निघालें १८७८ च्या आंखूड काडतुसाचें. म्हणजे पिस्तुलाचें तर नव्हेच, पण कानपुरी रिव्हॉल्व्हरचें काडतूसही त्यास चालणारें नव्हतें. चक्राचा खटकाही झिजला होता. चिरंजीवांनीं आम्हांस नमस्कार केला व म्हणाले, "काका, यापुढें याला फक्त फुलें वाहायचीं." वडिलांच्या वस्तूचा मान राखण्यास तेवढें पुरेसें आहे, असें आम्हांस वाटतें.