पोट साफ करण्याचे खूळ

दर रविवारी एरंडेल घ्यावे, रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण कोमट पाण्याबरोबर पोटात ढकलावे आणि कोठा रिकामा झाल्याच्या समाधानात दिवसाचा आरंभ करावा, हा परिपाठ ज्या पिढीने इमानेइतबारे चालविला, तिचीच नातवंडे आज तोच कार्यक्रम ‘डिटॉक्स’ या नव्या शिक्क्याखाली दामदुप्पट किंमत मोजून विकत घेत आहेत. या पक्षाची कैफियत थोडक्यात अशी: मोठ्या आतड्यात मळ साचून कुजतो, त्याचे विष रक्तात भिनते, आणि मस्तकशूळ, आळस, मुरूम, चिडचिड ही सारी त्या विषाची फळे होत, सबब आतडे वरचेवर धुऊन काढणे हाच आरोग्याचा राजमार्ग.

हे मत केवळ आजीबाईंच्या बटव्यातले म्हणून उडवून लावणे न्यायाचे होणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य सर आर्बथनॉट लेन यांचा त्यावर एवढा विश्वास होता की, हट्टी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच ते कापून काढीत. आणि १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी मेचनिकॉफ हाही त्या अवयवाला उपद्रवी समजून विरजलेल्या दुधाचा पुरस्कार करीत असे. परंतु अधिकारी पुरुषांचे मत पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. १९२२ साली डोनाल्डसन या अमेरिकन संशोधकाने काही पुरुषांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिले, तो त्यांना तीच डोकेदुखी व तीच सुस्ती जाणवू लागली. कापसातून रक्तात कोणते विष उतरले होते? पीडा होती ती आतड्यावर पडलेल्या ताणाची.

रेचकाच्या भक्ताची खरी फसगत दुसऱ्या दिवशी होते. औषधाच्या जोराने आतडे एकदम रिते झाले, म्हणजे ते पुन्हा भरण्यास एक-दोन दिवस लागणारच. पण तेवढ्या अवधीत शौचास झाले नाही की गृहस्थ घाबरतो आणि पुन्हा पुडी सोडतो. वास्तविक दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कोणताही क्रम, त्रास नसेल तर, प्राकृतच समजावा. यावर कोणी विरेचनाचा दाखला पुढे करील; पण आयुर्वेदातील विरेचन स्नेहन-स्वेदन करून, प्रकृती व ऋतू पाहून, वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे असते. शिवाय ज्या आयुर्वेदाचार्य वाग्भटाची साक्ष काढली जाते, त्याने मलमूत्रादी वेग अडवू नयेत हेही बजावले आहे. आणि लोकल गाठण्यासाठी सकाळचा वेग दाबून धरणारे तेच लोक रात्री चूर्ण शोधीत असतात!

आता आमचा पक्ष. मोठे आतडे ही असंख्य जीवाणूंची नांदती वसाहत असून, आपणांस न पचणारा चोथा हे त्यांचे अन्न होय. तो आंबवून ते जी मेदाम्ले निर्माण करतात, त्यांपैकी ब्युटिरेट या एकावर आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यत्वे पोसल्या जातात. या वसाहतीला मैद्याच्या पावाने आणि खारी-बिस्किटांनी उपाशी ठेवावयाचे व वर तिला धुऊन काढावयाचे, यात शहाणपण कोणते? जागतिक आरोग्य संघटना प्रौढास रोज किमान २५ ग्रॅम चोथा घ्यावयास सांगते. शंभर ग्रॅम ज्वारीत तो सुमारे दहा ग्रॅम असतो. म्हणजे दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि एखादा पेरू एवढ्यात हिशेब जुळतो. मात्र हा बदल हळूहळू करावा, पाणी पुरेसे प्यावे. एकाएकी कडधान्यांचा मारा केल्यास वायू धरतो, आणि मग दोष बिचाऱ्या मटकीला लागतो.

चालण्याने आतड्याच्या हालचालीस चालना मिळते, हे बैठ्या माणसाला पटविणेच कठीण. आठवड्यास दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरे. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून रुजविलेले सूर्यनमस्कार जमले तर उत्तमच. मात्र पूर्वज हेच करीत म्हणून निरोगी होते, ही स्तुती आम्हांस मान्य नाही; त्यांच्या पोटात जंत होते आणि पटकीने गावेच्या गावे ओस पडत.

एक विनंती मात्र वाचकाने ध्यानी धरावी. शौचावाटे रक्त जात असेल, कारणाविना वजन घटत असेल किंवा उतारवयात शौचाचा क्रम अकस्मात बदलला असेल, तर भाकरी व चूर्ण दोन्हींचा वाद बाजूस ठेवून प्रथम डॉक्टरकडून तपासणी करवून घ्यावी.