सरत्या वर्षाचा जमाखर्च

दीपावलीस नवी वही मांडण्यापूर्वी जुनीचा ताळेबंद पाहण्याची आपली रीत. या सदराचाही तो पाहू.

यंदा वाचकांना तीन लेख विशेष भावले. पहिला जिल्ह्याच्या नावाचा : पूर्वीचा वणी जिल्हा १९०५ मध्ये ‘यवतमाळ’ झाला. दुसरा लोकनायक बापूजी अणे यांच्यावरचा. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत झाला. सर्वाधिक पत्रे मात्र तिसऱ्याला आली. तो होता आपल्या मुकुटबनच्या बाजारपेठेचा. त्याला आधार ग्रंथाचा नव्हे, एका पेढीवरील जुन्या रोजमेळांचा होता. कापसाचे भाव, गाडीभाडे, नापिकीच्या वर्षी थांबवलेली वसुली, सारे त्यांत होते.

उत्तरार्धासाठी पुन्हा गेलो, तेव्हा उरलेल्या वह्या रद्दीत गेल्याचे कळले. बोल कोणाला लावावा? आजोबांच्या खतावण्या मीही अशाच घालवल्या आहेत.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, ज्ञानपंचमीस, आपण ग्रंथांची पूजा करतो. गावाचा इतिहास ज्यांत उरला आहे, त्या वह्यांनाही यंदा त्या पाटावर जागा द्यावी. माळा आवरताना एवढे स्मरण असू द्यावे, ही विनंती.