शाईच्या बोटाचा सेल्फी आणि फॅनी लू हेमर

निवडणूक आली की माझ्या फोनवर दोन गोष्टी हमखास येतात. शाई लावलेल्या बोटांचे सेल्फी, आणि ‘मत दिलं नसेल तर तक्रार करू नका’ असा दम. हा दम देणाऱ्यांशी मला भांडायचंय. साक्षीला बोलावतोय ती मतासाठी जीव पणाला लावलेली बाई.

फॅनी लू हेमर. जन्म १९१७, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. बटाईनं कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीय घरातलं विसावं अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूसवेचणी. १९६१ मध्ये गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती मतदार नोंदणीला गेली. राज्याच्या घटनेतल्या कलमाचा अर्थ लिहायला लावून तिला नापास केलं. घरी परतली, तर मळ्याचा मालक म्हणाला, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं राबलेली जागा तिनं त्याच रात्री सोडली. पुढच्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी तिला इतकं मारवलं की मूत्रपिंड कायमचं अधू झालं.

इथवरची गोष्ट प्रेरणादायी रीलमध्ये बसते, म्हणून ती इथेच थांबवतात. माझा राग त्यावरच आहे.

१९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीचे सगळे प्रतिनिधी गोरे होते. त्यांना आव्हान द्यायला हेमर आणि तिचे सहकारी अटलांटिक सिटीला पोचले. तिची साक्ष टीव्हीवर सुरू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून. शेवटी ६८ जणांना मिळून दोन जागा देऊ केल्या. ‘मिळतंय ते घ्या, पुढचं पुढे बघू’ असं हितचिंतकच सांगू लागले. तिनं साफ नकार दिला.

१९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. मग सगळं मिळालं? मत द्यायला गेलेल्या माणसाचं घर आणि अन्न मालकाच्याच हातात असेल, तर मालक मतही हिसकावू शकतो. हे तिनं स्वतः भोगलं होतं. म्हणून १९६९ मध्ये तिनं सहकारी शेती उभारली. जमीन घेतली, भाज्या पिकवल्या. गरीब कुटुंबाला एक डुकरीण द्यायची, तिची काही पिल्लं परत घेऊन दुसऱ्या कुटुंबाला द्यायची. बचत गट पाहिलेल्यांना हा हिशोब लगेच कळेल. पैसा अपुरा पडला, सत्तरच्या दशकात ती शेती बुडाली. १९७७ मध्ये हेमर गेली. पण तिनं मांडलेलं गणित चुकलं नव्हतं.

आपल्याकडे बघा. उचल घेतलेलं ऊसतोड जोडपं हंगामात गावापासून कोसो दूर, फडात असतं. तेव्हाच मतदान आलं, तर त्यांच्या बोटाला शाई लावणार कोण? कामाचा खाडा पडू नये म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण वाचल्या आणि पुढे स्क्रोल केल्या. या बाईला ‘तक्रार करू नकोस’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मत जरूर द्या. सेल्फीही टाका. पण मत दिल्यावर कुणाला कामावरून, घरातून, गावातून हाकलता येतं, हा प्रश्न विचारायची हिंमत नसेल, तर हेमरचा फोटो स्टेटसला लावू नका.