कूलर चालू असू द्या!

अप्रेजलच्या टेन्शनवर उतारा म्हणून पुण्यात झाझेन सुरू केलं. रोज वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून नुसतं बसायचं. मे महिन्यात सुट्टीला घरी, अकोल्याला गेलो. बाहेर ४५ डिग्री, आत कूलरची घरघर. वैतागून पप्पांवर ओरडलो, "बंद करा ना तो!" त्यांनी मुकाट्याने बंद केला आणि पेपरने वारा घेत बसले.

आई म्हणाली, "ध्यान करून राह्यला का भांडून राह्यला रे?"

बोलती बंद!

तेराव्या शतकातले जपानी झेन गुरू दोगेन सांगतात, बुद्धत्व हे नंतर मिळायचं बक्षीस नाही. ते आहेच, आणि बसण्यातच ते प्रकट होतं. मी मात्र त्याचंही टार्गेट लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला मावशीकडे गेलो, तेव्हा गाडगेबाबांच्या समाधीवर डोकावलो. बाबा काही झेनवाले नव्हेत. पण गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन रात्री. समोरचं काम मन लावून करणं हेही ध्यानच की!

परतल्यावर कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, चालू केला आणि बसलो. घरघर होतीच. शेजारी पप्पा मस्त घोरत होते.